पाहणीचा आदला दिवस

वरच्या मजल्यावर सकाळपासून फिनेलचा वास कोंडून राहिला होता. थोरला जिना चढून आला तेव्हा दोन मावश्या पायऱ्यांच्या कडा घासत होत्या आणि रंगारी भिंतीच्या खालच्या पट्ट्यावर तपकिरी रंगाचा दुसरा हात मारत होता.

"साहेब, जपून. ओलं आहे."

"उद्यापर्यंत वाळेल?"

"वाळेल की. समितीनं हात लावला नाही म्हणजे झालं."

रंगारी सहज बोलून गेला, पण सगळ्या इस्पितळाची आज तीच प्रार्थना होती. विधिमंडळाची समिती उद्या सकाळी पाहणीला येणार होती आणि दुपारी थोरल्याची, म्हणजे या इस्पितळाच्या अधिष्ठात्याची, साक्ष होणार होती. कपड्यांची धुलाई, हत्यारं निर्जंतुक करायचा विभाग, औषधांचं दुकान आणि पैसे भरणाऱ्या रुग्णांचा हा वरचा मजला, असा सगळा व्यवहार सरकारने एका कंपनीकडे सोपवला होता. वरच्या कमाईवर खालचे फुकट वॉर्ड पोसले जातील, असं तेव्हा सांगितलं गेलं. झालं भलतंच. खालच्या सिस्टर वर गेल्या, खालच्या बऱ्या खाटा वर गेल्या, यंत्रं वर गेली. वर गेलेलं खाली येत नव्हतं. आता कराराची मुदत संपत आली होती आणि खालचे वॉर्डसुद्धा कंपनीलाच देऊन टाकावेत का, यावर समिती आपलं मत देणार होती. देऊ नयेत, हे सांगायला अख्ख्या इस्पितळात एक थोरलाच उरला होता.

कोपऱ्यातल्या खोलीशी तो थांबला. दारावर पाटी लटकत होती. दुरुस्ती चालू, खोली बंद.

त्याने पाटीकडे पाहिलं नाही. रोज पाहत नसे, तसंच. दार ढकललं आणि आत गेला.

आत नाना होते, थोरल्याचे वडील.

पलंगाला खुर्ची लावून आई नळीतून दूध सोडत होती. नानांनी याच इस्पितळात उभी हयात शल्यक्रिया शिकवली. गावोगावच्या दवाखान्यांत अजून त्यांच्या हाताखालचे लोक होते. मेंदूच्या झटक्याने त्यांची उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली, एक शब्द सोडून. तो शब्द होता 'चालेल'. सुई टोचली तरी चालेल, डोळ्यांवर ऊन आलं तरी चालेल. जन्मभर ज्या माणसाला काहीही चालत नसे, त्याच्याजवळ देवाने नेमका हाच शब्द मागे ठेवला होता.

"जेवलास का?" आईने मान न वळवता विचारलं.

"हो."

"खोटं."

"हो."

पलीकडे खिडकीशी वहिनी उशीचे अभ्रे बदलत होती. ती थोरल्याची बायको. नर्सिंग कॉलेजात शिकवायची आणि कॉलेज सुटलं की थेट इथे यायची. "डबा तिथे स्टुलावर आहे," ती म्हणाली. "खा आधी. उद्या उपाशीपोटी साक्ष दिलीस तर भोवळ येईल, आणि लोक म्हणतील, पुरावा बघून आली."

थोरल्याने डबा उघडला आणि पुन्हा लावला. नानांच्या उशाशी मॉनिटरची हिरवी रेघ सरकत होती. श्वास कमी पडला की हे यंत्र ओरडायचं, आई घंटी दाबायची आणि कोणीतरी धावत यायचं. गेल्या काही आठवड्यांत नाना असे बऱ्याचदा परत आले होते.

तेवढ्यात दार पुन्हा उघडलं आणि सगळे दचकले. या दारावर टकटक करायचा कोणाला हक्क नव्हता. दुरुस्तीच्या खोलीत कोण कशाला येईल?

दारात मधली बहीण उभी होती.

"अगंबाई, वन्सं!" वहिनीच्या हातातला अभ्रा तसाच राहिला. "आमदारबाई एकट्या? लवाजमा कुठे हरवलात?"

"गाडी मागच्या फाटकाशी ठेवली." मधलीने पदराने कपाळ टिपलं. दाराची पाटी तिने बाहेर दोनदा वाचली होती, हे तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं. "मी कोणी म्हणून आले नाही, वहिनी. नानांना बघायला आले."

तिने वाकून नानांचा डावा हात हातात घेतला. "नाना, मी आलेय."

"चालेल," नाना म्हणाले.

आईला हसू फुटलं. दिवसातलं पहिलंच.

*

मधली समितीवर होती. साक्षीदार माझा सख्खा भाऊ आहे, हे तिने पहिल्याच बैठकीत अध्यक्षांना सांगून टाकलं होतं. म्हातारे अध्यक्ष म्हणाले होते, "मग साक्षीच्या वेळी तुम्ही बाहेर बसा. पाहणीला या. आणि बाई, घरी जाताना आमचे कागद डोक्यातून काढून ठेवत जा."

कागद डोक्यातून कसे काढायचे, ते त्यांनी सांगितलं नव्हतं. म्हणून ती घरीच आली नव्हती. आईच्या फोनला "आई, गडबडीत आहे" इतकंच उत्तर देत होती. आज मात्र राहवलं नाही. समिती उद्या वरच्या मजल्यावरच्या बंद खोल्या उघडून बघणार, हे तिला ठाऊक होतं. बंद खोलीत कोण आहे, तेही ठाऊक होतं. एक शब्द बोलायचा नाही, असा निश्चय करून ती जिना चढली होती.

"चहा सांगू?" वहिनीने विचारलं.

"नको. इथे कुठून मागवणार? खोली बंद आहे ना."

वहिनीने अभ्र्याला नको तितक्या जोरात झटका दिला.

"टोमणा मारायला आलीस?" थोरला म्हणाला.

"नाही रे दादा."

"मग खरं सांग. उद्या—"

"काही विचारू नकोस. विचारलंस तर मला उठून जावं लागेल. आणि मला जरा नानांजवळ बसू दे."

बहिणीचं हे येणंच काहीतरी सांगत होतं, आणि ते थोरल्याला नको होतं.

मग धाकटा भाऊ आला. गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, हातात दोन मोबाइल. वरच्या मजल्याचा तो व्यवस्थापक. दुकान बुडाल्यावर तो घरात बसून होता तेव्हा थोरल्यानेच कंपनीत शब्द टाकला होता. तो शब्द अजून फिटत नव्हता.

"अरे वा! अधिवेशन इथेच भरलंय," धाकटा म्हणाला. "ताई, तू कशी? सरकारी की घरगुती?"

"घरगुती."

"मग बरं. मी पण घरगुतीच आलोय, पण निरोप बाहेरचा आहे." तो थोरल्याकडे वळला. "दादा, आमचे संचालक म्हणाले, तुझ्या भावाला सांग, उद्या जेवढं विचारतील तेवढंच सांगावं. आपलं मत देऊ नये."

"आणि दिलं तर?"

"तर मग कोपऱ्यातल्या खोलीची दुरुस्ती इतके दिवस का चाललीय, हेही कोणीतरी विचारेल." धाकट्याने हात जोडले. "माझ्याकडे असा बघू नकोस. मी सांगकाम्या."

"पाटी तूच लावलीस ना?"

"लावली. तू राजधानीत खात्याच्या दारात बसला होतास. खाली पुरुषांच्या वॉर्डात नानांच्या शेजारी दोन जण एकाच खाटेवर होते. नानांचे ओठ निळे पडले होते. मी आणि वहिनीने त्यांना वर आणलं. रिकामी खोली होती, ती घेतली. भरायला पैसे नव्हते म्हणून पाटी लावली. परत आल्यावर तू एक दिवस ओरडलास. दुसऱ्या दिवसापासून याच दारातून गुपचूप आत यायला लागलास. खरं की खोटं?"

खरंच होतं ते. उद्या मांडायची वाक्यं त्याने कितीदा मनात घोळवली होती: गरिबाच्या तोंडचं काढून वरच्या मजल्याला दिलं जातं आहे. आणि ती घोळवत तो रोज याच मजल्यावर येत होता.

"ऐका माझं," वहिनी मध्ये पडली. "यात भांडण्यासारखं काय आहे? पाहणी आली की आपण वॉर्ड हलका करतोच. जमिनीवरच्या पेशंटना सांगतो, उद्या साहेब लोक येणार, परवा या. मग नानांनाही आज घरी नेऊ. ऑक्सिजनचं नळकांडं भाऊजी देतील. समिती गेली की परत आणू. खोलीत दोन रंगाचे डबे ठेवले, एक शिडी ठेवली, की झाली दुरुस्ती. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"नाना वाटेत जातील," थोरला म्हणाला.

"मी बसते ना गाडीत त्यांच्याजवळ."

"तू बसलीस म्हणून फुप्फुस ऐकणार आहे का?"

"मग काय, उद्या दार उघडून सगळ्यांना दाखवायचं? बघा, अधिष्ठात्यांचे वडील?" वहिनीचा आवाज चिरकला. "तू बोललास तर तुझीच अब्रू जाईल, आणि नाही बोललास तर खालचे वॉर्ड जातील. मी तिसरी वाट सांगतेय तर तीही नको."

"नानांना विचारू या," धाकटा म्हणाला आणि वाकला. "नाना, घरी जायचं?"

"चालेल."

"इथेच राहायचं?"

"चालेल."

"घ्या. सभागृहात ठराव दोन्ही बाजूंनी मंजूर."

एरवी सगळे हसले असते.

"घरी नेऊ नका," मधली म्हणाली.

बोलून गेल्यावर तिचं तिलाच जाणवलं. वहिनी हळूच तिच्याजवळ आली. "का हो वन्सं? खोल्या उघडून बघणार आहेत का?"

निश्चय पाळायचा म्हणून मधलीने नजर दुसरीकडे वळवली. पण नजरेला कुठेतरी टेकायला जागा लागते, आणि ती टेकली नानांच्या उशाशी.

समितीकडे आलेल्या तक्रारींत एक तक्रार एका माणसाची होती. त्याची बायको खाली बायकांच्या सर्जरी वॉर्डात होती, पोटाचं ऑपरेशन झालेली. त्याने लिहिलं होतं, तिच्या उशाचं लाल अक्षरांचं यंत्र आदल्या दिवशी लोक काढून घेऊन गेले. पहाटे ती गेली ते कोणाला कळलंही नाही.

लाल अक्षरं. इस्पितळाच्या क्वार्टर्समध्ये वाढलेल्या या तिन्ही भावंडांना ती अक्षरं जन्मापासून ओळखीची होती. इथल्या सिस्टर आपल्या वॉर्डातल्या प्रत्येक वस्तूवर लाल ऑइलपेंटने वॉर्डाचं नाव घालतात, स्टुलावर, ट्रेवर, बादलीवरसुद्धा. नाही घातलं तर वस्तू शेजारच्या वॉर्डात जाते आणि तिथलीच होते. कंपनीच्या वस्तूंवर रंग नसतो, छापील पांढरी चिठ्ठी असते. नानांच्या उशाच्या मॉनिटरवर चिठ्ठी नव्हती. जिथे रंग असायचा तिथे, पुढच्या कडेला, रुंद चिकटपट्टी गुंडाळलेली होती.

थोरल्याने बहिणीची नजर पाहिली. तो उठला, मॉनिटरपाशी गेला आणि नखाने पट्टीचं टोक उचललं.

"दादा," धाकटा म्हणाला. "राहू दे."

पट्टी कुरकुरत निघाली. खाली लाल अक्षरं होती, घाईत काढलेली, ओघळ आलेली. स्त्री सर्जरी.

*

"हे मी शोधत होतो," थोरला म्हणाला. आवाज इतका खाली गेला होता की आईला पुढे झुकावं लागलं. "त्या बाईचं झाल्यापासून. कोणत्या खोलीत नेलं, ते कंपनीला विचारलं. म्हणाले, बिघडलं म्हणून स्टोअरला पाठवलं. मी स्टोअर पालथं घातलं. उद्याच्या साक्षीत हेच सांगणार होतो. एक यंत्र वर गेलं आणि एक बाई मेली."

"तू स्टोअरमध्ये शोधलंस," धाकटा म्हणाला. "घरात कोण शोधतं?"

थोरल्याचा हात उठला. मधलीने तो वरच्यावर धरला.

"तू मला सांगितलंस, कंपनीचं आहे," थोरला म्हणाला.

"मग काय सांगू? नाना गुदमरत होते. वर एकही मोकळं नव्हतं. मी खाली गेलो, आणि पहिल्या वॉर्डात जे दिसलं ते उचललं. ती बाई तेव्हा बरी होती, दादा. माझ्याशी बोलली. म्हणाली, हे सारखं वाजतं, झोप लागत नाही, न्या खुशाल." धाकट्याने तोंडावरून हात फिरवला. "खुशाल न्या म्हणाली."

"आणि नंतर कळल्यावर? तेव्हा तरी परत न्यायचंस."

"नंतर नेलं असतं तर ती उठली असती का?"

हे वाक्य धाकट्याचं नव्हतं. वहिनी बोलली होती.

थोरला तिच्याकडे वळला. वहिनी अभ्र्याची घडी घालत होती, उलगडत होती, पुन्हा घालत होती.

"तुला माहीत होतं."

"पुसताना पट्टी सुटली होती एकदा. मीच पुन्हा लावली." तिने घडी खाली ठेवली. "तू परत पाठवलं असतंस, हे मला माहीत होतं म्हणून नाही सांगितलं. मी मुलींना शिकवते, वॉर्डातली वस्तू म्हणजे पेशंटची वस्तू. सकाळी वर्गात हे शिकवायचं आणि संध्याकाळी इथे येऊन पट्टी नीट चिकटलीय ना ते बघायचं. तू मला काय बोलणार आहेस? माझं मला रोज बोलून झालंय."

आपलेच दात, आपलेच ओठ. थोरल्याला राग काढायला जागा सापडेना. तो रिकाम्या खुर्चीत बसला.

*

आईने दुधाची नळी बंद केली, नळीच्या तोंडाला लागलेला थेंब पुसला आणि वाटी बाजूला ठेवली.

नाना आजारी पडल्यापासून तिचा एक नेम होता. सकाळी पहिला घास घेण्याआधी ती डोळे मिटून खालच्या वॉर्डांतल्या लोकांसाठी मागत असे. स्वतःच्या नवऱ्यासाठी मागायला तिला संकोच वाटायचा. त्यांना खोली होती, मुलं होती, सून होती. म्हणून ती म्हणायची, देवा, खाली ज्यांच्याजवळ कोणी बसलेलं नाही, त्यांचं काही अडू देऊ नकोस. एकही दिवस चुकला नव्हता. आणि त्यांचं अडायचं कारण तिच्याच कोपराशी, हिरवं, लुकलुकत बसलं होतं. ती ते रोज ओल्या फडक्याने पुसत होती.

"तिला मुलं होती?" आईने विचारलं.

"एक मुलगी," मधली म्हणाली. तक्रारीत लिहिलेलं तिने आज पहिल्यांदाच बाहेर काढलं होतं. समितीचा नियम मोडला होता, आणि मोडताना तिला काही वाटलंही नाही.

"केवढी?"

"लहान आहे."

आईने मान हलवली. मग सुनेकडे पाहिलं. "आत्ता खाली त्या जागी कोण आहे?"

"आज दुपारी एक केस झालीय," वहिनी म्हणाली. "चाळिशीची बाई. जड केस होती. सिस्टर एकटीच आहे, शेजारचा वॉर्डही तिच्याकडेच."

"मग न्या हे खाली."

"आई," धाकटा पुढे झाला, "नानांना लागतं हे. काल दोनदा वाजलं. तू काय करणार आहेस?"

"बसेन."

"बसून काय—"

"घरी बोटाला लावायचं छोटं यंत्र आहे, ते आणते," वहिनी मध्येच म्हणाली. "पण आई, ते नुसता आकडा दाखवतं. हाक मारत नाही. डोळा लागला तर कळणार नाही."

"मग डोळा लागू द्यायचा नाही. तू आणि मी आलटूनपालटून बसू." आईने नानांच्या छातीवरची चादर सरळ केली. "यांना मी काही मरायला सोडत नाहीये. पण हे यंत्र इथे असताना मला उद्या सकाळी डोळे मिटता येणार नाहीत."

धाकट्याला ते कळलं नाही. वहिनीला कळलं. तिने पुढे होऊन एकेक वायर नानांच्या अंगावरून सोडवायला सुरुवात केली, हलक्या हाताने, जिथे चिकटलं होतं तिथली कातडी बोटाने दाबून धरत.

"नाना, काढू का?" ती पुटपुटली.

"चालेल."

यावेळी कोणीच त्यांच्याकडे पाहिलं नाही.

"आणि उद्या?" धाकट्याने विचारलं. "खोलीचं काय?"

"नाना इथेच राहतील," थोरला म्हणाला. "हलवले तर जातील, हे डॉक्टर म्हणून सांगतोय. पाटी काढ. साक्षीला बसलो की खोलीपासून सुरुवात करेन, मग या यंत्राचं सांगेन. कराराचं त्यानंतर."

"त्यानंतर तुझं कोणी ऐकणार नाही, दादा," मधली शांतपणे म्हणाली. समितीतली माणसं तिला ठाऊक होती. "निम्मे सभासद तिथेच पेन खाली ठेवतील. म्हणतील, हा काय आम्हाला कंपनीबद्दल सांगतो. तू खरं सांगशील आणि वॉर्ड तरीही जातील."

"मग काय करू? यंत्र गाळून बोलू?"

मधलीने पर्स उचलली. "मी आत्ताच अध्यक्षांना फोन करते. आज इथे आले होते, आणि तक्रारीतलं बोलले, हे सांगते. मला काढतील समितीवरून. तुझ्या बाजूचं एक मत होतं, तेही जाईल."

"जाऊ दे."

"हो. जाऊच दे आता." ती आईच्या पाया पडली, नानांच्या कपाळाला हात लावला आणि बाहेर पडली. दारावरची पाटी तिनेच काढली. कुठे ठेवावी ते न कळून भिंतीला टेकवली. ओल्या रंगात तिची कडा रुतली.

*

लिफ्ट फक्त वरच्या मजल्याच्या रुग्णांसाठी होती. भाऊ मॉनिटर धरून उताराच्या रस्त्याने खाली निघाले, ज्यावरून एरवी स्ट्रेचर ढकलतात. यंत्र तसं एकट्याला उचलण्यासारखं होतं. दोघांनीही हात सोडला नाही.

"उद्या माझं नाव घेशील?" पहिल्या वळणावर धाकट्याने विचारलं.

"घ्यावं लागेल."

"घे. आडनाव तुझंच आहे, निम्मं काम झालेलंच आहे."

थोडं अंतर गेल्यावर तो म्हणाला, "नोकरी जाणार माझी. पोलीसही येतील कदाचित."

"येतील."

"तुझं काय होईल?"

"बघू."

"तू मला कंपनीत चिकटवलं नसतंस ना दादा, तर मी दुकानाच्या कर्जात मेलो असतो, पण हे झालं नसतं." त्यात दोष देणं नव्हतं. हिशेब जुळतो का, ते बघावं तसं तो बोलत होता. थोरल्याने "हं" म्हटलं.

बायकांच्या सर्जरी वॉर्डाच्या दाराशी धाकटा थांबला. आत त्याने पाहिलं आणि लगेच मान खाली घातली. "मी आत येत नाही. तू ने." यंत्राचं सगळं वजन त्याने भावाच्या हातात दिलं आणि तो भिंतीच्या कडेने परत चढू लागला.

वॉर्ड हलका झाला होता. जमिनीवरच्या गाद्या उचलल्या होत्या, फरशी पुसली होती, खाटांवर कोऱ्या चादरी होत्या. जिथे दुपारपर्यंत बायका पडल्या होत्या, तिथे फरशीवर ओलसर चौकोन वाळत होते. त्या बायका आता कुठल्या नातेवाइकाकडे, कुठल्या स्टँडवर परवाची वाट बघत बसल्या असतील, ते अधिष्ठात्याला ठाऊक नव्हतं. हलकं करायच्या आदेशावर सही त्याचीच होती.

सिस्टर सलाइन बदलत होती. साहेबांना यंत्र घेऊन येताना बघून ती धावली, पण आश्चर्य काही दाखवलं नाही. लाल अक्षरांवरून तिने बोट फिरवलं, दुपारी ऑपरेशन झालेल्या बाईच्या उशाशी जागा केली आणि भराभरा वायरी लावल्या. रेघ उमटली. ग्लानीत असलेल्या बाईने आवाजाकडे मान वळवली आणि पुन्हा सोडून दिली.

"पाणी हवं का ताई?" थोरल्याने उगाचच विचारलं. बाईचे ओठ सुकलेले होते. सिस्टरने ओल्या कापसाने ते टिपले.

"साहेब, एक विचारू?" सिस्टर म्हणाली. "समिती जाईपर्यंतच आहे ना हे? नाही, म्हणजे मग मी वायर खाटेला बांधत नाही. नुसती टाकून ठेवते. उद्या तुमच्या माणसांना पटकन काढता येईल."

"नाही, सिस्टर. हे तुमच्याच वॉर्डाचं आहे. आता इथेच राहील. बांधा."

"बरं, साहेब," सिस्टर म्हणाली.

पाहणीच्या आदल्या दिवशी साहेब जे जे सांगतात, त्या सगळ्याला ती असंच 'बरं' म्हणत आली होती, तितक्याच अदबीने. मग शेजारच्या वॉर्डातून कोणीतरी हाक मारली म्हणून ती गेली. वायर तिने बांधली नव्हती.